हृदय सोडून बाकीचा उंदीर

१

उंदरांची हृदयं ठणठणीत निघाली, म्हणून मला बोलावणं आलं.

आता तुम्ही म्हणाल, यात बोंब मारण्यासारखं काय आहे? मलाही तेच वाटलं होतं. मी जन्मभर शवविच्छेदनं केली. लोक तोंडावर मला डॉक्टर म्हणायचे आणि पाठीमागे मडेवाला. निवृत्त झाल्यापासून कुणी काहीच म्हणत नाही, कारण म्हणायला घरात कुणी नाही. बायको गेली. मुलगी लांब राहते, दर रविवारी फोन करून "बाबा, जेवलात का" म्हणून विचारते. मी हो म्हणतो आणि विषय संपतो.

त्यामुळे त्या सकाळी फोन वाजला तेव्हा मी आधी रविवार तर नाही ना ते पाहिलं.

"आजोबा, मी बोलतेय."

मला आजोबा म्हणणारं माणूस जगात एकच. कॉलेजात मी बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळून बसायचो, म्हणून हिने ते नाव ठेवलं. केस पांढरे झाले, गळले, तरी नातवंडाचा पत्ता नाही; नाव मात्र चिकटून राहिलं. तिला आम्ही घाई म्हणायचो. चालताना घाई, जेवताना घाई. बेडकाचं हृदय काढायच्या तासाला तर आमचा बेडूक बेशुद्ध होईपर्यंत हिचं हृदय बशीत धडधडत असायचं. लग्नाची मात्र तिने कधी घाई केली नाही, आणि मग ते राहूनच गेलं.

"काय गं घाई, कोण मेलं?"

"कुणी नाही. तीच तर पंचाईत झालीय. ये ना लवकर."

ती एका संशोधन संस्थेत मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिथे सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात. मी पोचलो तेव्हा ती टेबलामागे बसून होती, गळ्याशी बंद कॉलरचा सदरा, त्यावर स्कार्फ. किती वर्षांनी भेटत होतो, पण उठून पाठीत गुद्दा घालायची तिची जुनी सवय काही दिसली नाही.

"ऐक," ती म्हणाली. "कर्करोगावर एक लाल औषध देतात. गाठ मारतं, पण हृदयालाही सोडत नाही. केमो संपते, माणूस बरा होतो आणि पुढे कधीतरी जिना चढताना धापा टाकायला लागतो. आम्ही एक दुसरं औषध तयार केलंय. ते आधी दिलं तर हृदय वाचावं, असा आमचा दावा. म्हणून उंदरांचे दोन गट. एका गटाला आमचं औषध आणि वर लाल औषध. दुसऱ्याला नुसतं लाल. दुसऱ्या गटाची हृदयं खराब व्हायलाच हवीत."

"आणि झाली नाहीत?"

"आधीच्या खेपेला झाली. या खेपेला दोन्ही गटांची हृदयं छान."

"मग पेढे वाट की."

"गाढवा, याचा अर्थ लाल औषध उंदरांना मिळालंच नाही! बाटल्यांत कुणीतरी रंगीत पाणी भरलं, असं सगळे म्हणतायत. रिकाम्या बाटल्या नियमाप्रमाणे जाळून टाकल्या, त्यामुळे तपासायलाही काही उरलं नाही."

"सगळ्यांचं बोट कुणाकडे?"

तिने मान खाली घातली. "आमच्या टेक्निशियनकडे. त्याला आम्ही सुईवाला म्हणतो, इतका हात हलका. त्याच्या भावाला कर्करोग आहे. त्यालाही हेच लाल औषध चालू आहे. सोमवारी समिती बसतेय. त्याला काढून टाकणार आणि पोलिसांत देणार."

"तुला काय वाटतं?"

"त्याने नाही केलं. पण मग हृदयं वाचली कशी, ते मला सांगता येत नाही. आणि तेवढं सांगता आलं नाही तर सोमवारी त्याचं वाटोळं झालंच म्हणून समज. भावाकडे बघणारा तो एकटाच आहे रे."

चहा करायला ती उठली. "दूध काढ ना फ्रिजमधून," म्हणाली.

"का, हात मोडले?"

"पाहुण्याला कामाला लावायची माझी जुनी खोड आहे."

कप तिने दोन्ही हातांनी धरला आणि जपून, अगदी जपून टेबलावर ठेवला. वय झालं, मी मनात म्हटलं. आपलं तरी कुठे कमी झालंय?

२

सुईवाला खिडकीपाशी उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, बोटं एखाद्या घड्याळजीसारखी.

"उंदरांना इंजेक्शन कोण देतं?"

"मी."

"या खेपेलाही?"

"मीच दिली सगळी."

"भावाला लाल औषध कुठून मिळतं?"

"हॉस्पिटल देतं. बाहेरून आणलेली बाटली तिथे कुणी हातातसुद्धा घेत नाही, साहेब. नर्स समोर उघडते, समोर लावते." त्याचा आवाज चढला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आणि इंजेक्शनांच्या दिवशी तू इथेच होतास?"

नजर परत जमिनीवर गेली. "होतो की."

भावाबद्दल हा माणूस खरं बोलत होता आणि शेवटचं वाक्य खोटं बोलला. तेही धड जमलं नाही. ज्याला सवय नसते, त्याचं खोटं असं उघडं पडतं.

दुसरा संशयित होता 'भावी'. म्हणजे भावी विभागप्रमुख. हुशार, तरुण, बाई निवृत्त कधी होतायत याची वाट पाहणारा संशोधक. हे नाव त्याच्या माघारी होतं, पण त्याला ते माहीत असावं आणि आवडतही असावं. संचालकांकडे तक्रार घेऊन तोच गेला होता.

त्याच्या टेबलावर जे पाहिलं, त्याने मी, मडेवाला, दोन पावलं मागे सरलो. काचेच्या नळीला उंदराचं हृदय टांगलेलं होतं. शरीर नाही, काही नाही, नुसतं हृदय, आणि ते धडधडत होतं.

"किती वेळ चालतं असं?"

"नीट सांभाळलं तर काही तास."

"एकटंच?"

"एकटंच," तो म्हणाला. त्याला त्यात काही वाटलं नाही. मला माझी सकाळची स्वयंपाकखोली आठवली आणि वाईट वाटलं.

केसाहून बारीक धागा त्याने त्या हृदयाच्या रक्तवाहिनीभोवती ओवला, गाठ मारली, एका दमात. "लाल औषधाचं काम बाईंचं. माझं काम रक्तपुरवठ्याचं. वाट अडली की हृदय मरायला लागतं. पण गंमत बघा, आधी थोडा वेळ अडवायचं, सोडायचं, परत अडवायचं, परत सोडायचं. असं केलं की ते चिवट होतं. मग मोठा अडथळा आला तरी कमी मरतं."

"माझी सासू मला असंच वागवायची."

तो हसला नाही. "सुईवाल्यानेच केलंय, सर. औषधाच्या कपाटाच्या चाव्या तिघांकडे. बाई, तो आणि मी."

"म्हणजे तूही."

आता त्याचा चेहरा उतरला. "माझं काय अडलंय?"

"बाईंचं औषध फुकट ठरलं तर प्रयोगशाळा कुणाकडे जाते?"

मी हात मागे बांधून खोलीभर फिरलो आणि मग जो प्रश्न मी पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता, तो विचारला.

"बरं, त्या उंदरांची हृदयं तुम्ही काढलीत. हृदय सोडून बाकीचा उंदीर कुठाय?"

"बाकीचा?" भावी गोंधळून म्हणाला. केळं खाल्ल्यावर सालीची चौकशी केल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाकीचा कुणी बघत नाही, सर."

३

बाकीचे उंदीर खाली तळघरात होते, डीप फ्रीझरमध्ये, पिशव्यांत बांधलेले, जाळायला जायच्या रांगेत. त्यांची राखण पिंजरेवाल्या मावशींकडे.

"न्या हो न्या," मावशी म्हणाल्या. "वर हृदयं नेतात, खाली मुडदे येतात. आजवर कुणी विचारलं नाही बिचाऱ्यांना."

"जिवंत असताना कसे होते हे?"

"या खेपेचे? फार रडके. इंजेक्शन घेऊन आले की मागचा पाय चाटत बसायचे. आधीचे उंदीर जायचे काय, यायचे काय, पत्ता लागायचा नाही. या वेळी पिंजरे वर ठेवून आले की अर्धा दिवस कुणी हाकच मारायचं नाही."

"आत कोण असायचं?"

"दार लावलेलं. मी कशाला डोकावू? आपलं काम पिंजरे."

एका बाजूच्या टेबलावर मी दिवा ओढला, हातमोजे चढवले आणि कामाला लागलो. खोटं कशाला बोलू, इतक्या दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मेलेल्यांशी माझं छान जमतं. ते काही लपवत नाहीत.

पहिल्या उंदराची प्लीहा आक्रसलेली होती. मांडीचं हाड फोडलं तर आतला लाल मगज फिका, जवळजवळ रिकामा. मिशा झडलेल्या, पाठीची लव विरळ. दुसराही तसाच, तिसराही. नुसतं लाल औषध मिळालेल्या गटातला एकूण एक उंदीर तसाच.

म्हणजे केमोने जे जे करायचं, ते सगळं त्यांच्या अंगावर करून ठेवलेलं होतं. रंगीत पाण्याने हाडातला मगज सुकत नाही.

मी खुर्चीत बसलो. लाल औषध उंदरांना मिळालं होतं. चोरी झालीच नव्हती! चोर म्हणून सोमवारी ज्याला फासावर द्यायचं चाललं होतं, त्याने काही चोरलंच नव्हतं.

पण मग एक गोष्ट आणखीच अवघड झाली. अख्खं शरीर भाजून निघालं आणि हृदय तेवढं वाचलं. कुणी वाचवलं?

४

उत्तर मागच्या पायावर होतं. मावशी म्हणाल्या होत्या ना, चाटत बसायचे.

मांडीभोवती एक उघडा पट्टा होता, बांगडीसारखा. तिथले केस घासून गेलेले आणि परत उगवलेले नव्हते. लाल औषध केस उगवू देत नाही. त्वचा सोलली तर खाली जुन्या रक्ताच्या डागांच्या रेघा, एकीवर एक. आणि शिरेपाशी सुईच्या खुणा, इथे, तिथे, पुन्हा तिथे. आधीच्या खेपेचे उंदीर काढून पाहिले. त्यांच्या पायाला पट्टा नाही, डाग नाहीत.

शीर फुगवायला मांडीला रबरी पट्टी बांधतात, हे मला ठाऊक होतं. हलक्या हाताचा माणूस बांधतो, टोचतो, सोडतो. इथे मात्र कुणीतरी बांधलं होतं, चुकलं होतं, सोडलं होतं, थांबून परत बांधलं होतं. कितीदा तरी.

अडवायचं, सोडायचं. अडवायचं, सोडायचं.

मी तडक वर गेलो. "अरे भावी," मी तोंडावरच म्हणालो, "रक्त हृदयात न अडवता पायात अडवून सोडलं तर?"

तो चिडायचं विसरला. "तरी चालतं, सर! लांबून संरक्षण. पायाचा त्रास हृदयाला कसा कळतो ते पुरतं उलगडलेलं नाही, पण कळतो. लाल औषधाच्या बाबतीतही लोक करून बघतायत." मग त्याचे डोळे मोठे झाले. "कुणी केलं हे? बाईंच्या प्रयोगात?"

"ज्याने केलं त्याला आपण काय करतोय ते माहीत नव्हतं," मी म्हणालो.

सुईवाल्याला बोलावलं आणि बाही वर केली. "माझी साखर बघायचीय. रक्त काढ."

त्याने पट्टी बांधली. मी तोंड वाकडं करायच्या तयारीत होतो, तेवढ्यात तो कापूस दाबत म्हणाला, "झालं, साहेब."

"वा! आता खरं सांग. त्या उंदरांना तू टोचलेलं नाहीस."

"मीच टोचलं."

"या हाताने? तुझ्या हाताखाली उंदराला झोप लागेल. त्या उंदरांच्या पायांची चाळण झालीय."

तो पट्टीची घडी घालायला लागला.

"बाबा रे, का जीव देतोयस? चोरी झाली नाही, हे मी सिद्ध करून देतो. पण इंजेक्शनं कुणी दिली ते सांगितलं नाहीस तर समिती म्हणेल, हा अजून लपवतोय."

"म्हणू दे. काढू दे मला."

"आणि भावाचं काय?"

त्याने सुईला टोपण घातलं. "साहेब, केमोच्या खोलीत रांगेने खुर्च्या असतात. प्रत्येकाजवळ कुणीतरी बसलेलं असतं. बायको, मुलगा, शेजारी तरी. भावाजवळ मी असतो. एकदा पाहिलं, टोकाच्या खुर्चीजवळ कुणीच नव्हतं. सलाईन चालू आणि ते माणूस एकटंच भिंतीकडे बघत बसलेलं."

"कोण होतं खुर्चीत?"

"ते त्यांनी सांगायचं," तो म्हणाला आणि दार ओढून निघून गेला.

५

चाव्या तिघांकडे. सुईवाल्याचा हात तो नव्हे. भावी तर केसाहून बारीक धाग्याची गाठ एका दमात मारतो. त्याला उंदराची शीर सापडणार नाही? राहिली एकच.

मी जिन्यातच थांबलो. खरं सांगतो, परत फिरावंसं वाटलं. दोन्ही हातांनी धरलेला कप, फ्रिजला हात न लावणं, कॉलर, स्कार्फ. घाई करणारी बाई इतकी सावकाश झाली, आणि मी, माणसाच्या नखावरून मरण सांगणारा शहाणा, वय झालं म्हणून मोकळा झालो. ती जिवंत होती ना. जिवंत माणूस बघायची सवयच नाही मला.

तिच्या खोलीत गेलो, दार लावलं. फ्रिजमधून पाण्याची गार बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"धर."

ती बाटलीकडे बघत राहिली. हात मांडीवरून हलले नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच महिने झाले." मग जरा वेळाने, "आतड्याचा. माझं औषध लाल नाही, दुसरं आहे. त्याने केस जात नाहीत, म्हणून बरं. सलाईनची नळी गळ्याखाली बसवलीय, ती स्कार्फने झाकते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त गार वस्तूला हात लावला की काचा टोचल्यासारखं होतं. आणि बोटांना… बोटांना काही कळतच नाही रे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती फणकारली, आणि क्षणभर जुनी घाई दिसली. "बायको गेल्यावर किती फोन केले मी. 'बरा आहे' म्हणून ठेवून द्यायचास. तुला काय सांगायचं?"

मी बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली.

"त्या खेपेच्या इंजेक्शनांचं सांग."

"सुईवाल्याला सुट्टी उरली नव्हती. भावाचे केमोचे दिवस आणि आमचे इंजेक्शनांचे दिवस एकच आले. मी म्हटलं, तू जा, मी बघते, कुणाला बोलू नकोस. वाटलं, इतकी वर्षं केलंय, हात विसरणार थोडाच. दार लावून बसायची. पट्टी बांधायची, शीर शोधायची, सुई कुठे गेली तेच कळायचं नाही. पाय निळा पडायला लागला की सोडून द्यायची. बिचाऱ्याला जरा थांबू द्यायचं, परत बांधायचं, परत सोडायचं, परत…"

ती थांबली. तिचं तिलाच सापडायला हवं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "मीच."

"तूच."

"चोरी नाही. काही नाही. मी त्यांचे पाय बांधत होते!" ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "आजोबा, जन्मभर हृदय वाचवायचं औषध शोधत बसले आणि वाचवलं ते माझ्या मेलेल्या बोटांनी!"

मी रुमाल दिला. तो तिला नीट धरता येईना, म्हणून मीच तिचे डोळे पुसले. ते काम मला जमलं नाही, चष्मा वाकडा झाला.

"सुईवाला मेला तरी बोलणार नाही," मी म्हणालो. "त्याने तुला केमोच्या खोलीत पाहिलंय."

ती दचकली. "पाहिलंय? आणि तरी…"

"तरी सोमवारी तुझ्यासाठी नोकरी घालवायला बसलाय. तू बोलली नाहीस तर ती जाईल."

"हात गेले म्हटल्यावर प्रयोगशाळा जाईल," ती हळू म्हणाली. "माझ्याकडे दुसरं काही नाहीये. प्रयोगशाळा गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठे, ते सांग."

मला माहीत होतं ते. मीही रोज सकाळी तोच विचार करत उठतो. पण ते मी बोललो नाही. म्हणालो, "सोमवारपर्यंत विचार कर."

"विचार कसला करायचाय?" ती म्हणाली. "मला फक्त भीती वाटतेय."

६

सोमवारी ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं, आजारासकट. संचालक टेबलावरची पेन्सिल गोल फिरवत राहिले. मी मगजाच्या आणि पायांच्या काचपट्ट्या दाखवल्या. भावीने, कबूल करायला हवं, फळ्यापाशी उभं राहून पायाचा आणि हृदयाचा संबंध इतका छान समजावला की कुणाला शंका उरली नाही. तक्रार मागे घेताना त्याला धड बोलता आलं नाही, तेव्हा सुईवाल्यानेच त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

सुईवाल्याची नोकरी राहिली. बिनपरवानगी सुट्टीबद्दल त्याला ताकीद मिळाली, ती त्याने आनंदाने घेतली. प्रयोगशाळा भावीकडे गेली. ती जाणारच होती. बाईंना कोपऱ्यात एक टेबल मिळालं. पट्टीचा प्रयोग आता मुद्दाम, रीतसर, पहिल्यापासून होणार आहे, हलक्या हाताने बांधून. खरा ठरेल की नाही, कुणास ठाऊक.

त्याच आठवड्यात तिची केमो होती. मी कपाट धुंडाळून जुना मफलर काढला. कसर लागलेली, पण ऊब शाबूत.

केमोची खोली सुईवाल्याने सांगितली तशीच होती. खुर्च्यांची रांग, प्रत्येकाजवळ कुणीतरी. टोकाच्या खुर्चीत ती बसली आणि सवयीने भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या हातांभोवती मफलर गुंडाळायला लागलो. पलीकडे सुईवाला भावाजवळ बसला होता. तो उठला, स्वतःची खुर्ची उचलून आणली, माझ्या मागे ठेवली आणि भावाच्या पायाशी जाऊन टेकला.

नर्स सलाईन घेऊन आली. "आज सोबत आहे वाटतं कुणीतरी! हे तुमचे कोण?"

घाईने माझ्याकडे पाहिलं. मित्र म्हणावं तर मी इतकी वर्षं कुठे होतो, आणि नातं तर काहीच नव्हतं.

"आजोबा," ती म्हणाली.

नर्सने एकदा तिचे पांढरे केस पाहिले, एकदा माझं टक्कल. मग तिने मान हलवली आणि सलाईन अडकवत म्हणाली, "बसा, आजोबा. वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हणालो आणि बसलो.